यायला नको होतं, हे सांगायला या

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसू नये, असं आमच्या घरात नव्या सुनेला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवतात. वाढप्यांची पहिली फेरी होईपर्यंत मी माणसासारखा बोलतो. दुसऱ्या फेरीला कोर्टावर येतो. मठ्ठा येईपर्यंत शेजाऱ्याचा निकाल लागलेला असतो. आता या अंकाच्या निमित्तानं तुम्ही सगळेच माझ्या शेजारी येऊन बसला आहात, त्याला माझा इलाज नाही.

मी वकील नाही. वकिलाचा मुन्शी आहे. मुन्शी म्हणजे कारकूनच. पण कारकून म्हटलं की पगार डोळ्यांपुढे येतो आणि मुन्शी म्हटलं की शेरवानी, म्हणून हैदराबादेत आम्ही मुन्शी. काम एवढंच की खटल्याच्या मिसली, म्हणजे फायली, सांभाळायच्या, पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा वहीत टिपायच्या, अर्जांच्या नकला करायच्या, पक्षकाराला पाणी द्यायचं आणि तो रडायला लागला की खिडकीबाहेर बघायचं. खिडकीबाहेर बघण्यात माझा हात धरणारा मुन्शी अख्ख्या कोर्टात नव्हता. बाकीच्या कामांबद्दल साहेबांचं मत वेगळं होतं.

छप्पन साली राज्यं वेगळी झाली तेव्हा मी तिशीत होतो. एका सकाळी उठलो तर नांदेड, परभणी, बीड मुंबई राज्यात गेलेली, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसुरात, आणि आम्ही जागच्या जागी बसून आंध्रात. माझी आत्या नांदेडला, मावशी गुलबर्ग्याला. कुणी एक ट्रंकसुद्धा न हलवता आमचं कुटुंब एका रात्रीत तीन राज्यांत पसरलं. पेपरात नकाशे आले. आमच्या ऑफिसात माणसं आली.

सगळ्यांचा प्रश्न एकच. हैदराबादच्या कोर्टाचं समन्स आलंय. आता आम्ही दुसऱ्या राज्यातले झालो, तर ते फाडून टाकायचं ना?

आमचे वकीलसाहेब हे ऐकून डोळे मिटायचे. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक, आणि रागावले की आणखी हळू बोलायचे. त्यांनी मला जे शिकवलं ते मी पंगतीत सांगतो तेच इथं सांगतो. माणूस दुसऱ्या राज्यात राहतो म्हणून कोर्टाचा हात आखूड होत नाही, आणि समन्स त्याच्या हातात पडलं म्हणून तो लांबही होत नाही. बघायचं ते वेगळंच. हा माणूस इथं राहतो का? इथं धंदा करतो का? तेही नसेल, तर निदान भांडणाचं मूळ इथं पडलं का? यातलं काही जुळलं तर मुंबई राज्यातला काय, म्हैसुरातला काय, त्यानं आलं पाहिजे.

गुलबर्ग्याचे एक बँडवाले आले होते. सिकंदराबादच्या लग्नात वाजवायचं त्यांनी नामपल्लीला बसून कबूल केलं होतं, आणि आलेच नाहीत. नवरदेव घोड्यावर, आणि पुढे एक मामा तोंडानं पिपाणी वाजवत चाललेले, अशी ती वरात निघाली. मुलीच्या बापानं दावा ठोकला.

"मैं तो अब म्हैसूर का हूँ, साहब," बँडवाले छाती काढून म्हणाले.

"वाजवायचं कुठं होतं?" साहेबांनी विचारलं.

"सिकंदराबादेत."

"आणि नाही वाजवलं कुठं?"

बँडवाल्यांनी बराच वेळ विचार केला. "सिकंदराबादेतच."

"मग या."

हे झालं ज्यांनी यायलाच हवं त्यांचं. ज्यांना बोलावणंच चूक आहे, त्यांचं काय? इथं पंगतीतला शेजारी घास खाली ठेवतो. कारण त्यांनीही यायचं असतं. येऊन सांगायचं, की मला इथं बोलावायला नको होतं. घरी बसून राहिलात तर कोर्टाला कसं कळणार? ते एकतर्फी निकाल देऊन मोकळं होतं. आणि सांगायचं तेही पहिल्या ओळीत. आधी सगळं भांडण भांडलात, साक्षी झाल्या, आणि हरायची वेळ आल्यावर म्हणालात की हे कोर्टच चुकीचं, तर जज्जसाहेब विचारतात, इतका वेळ काय करत होतात? तीनदा पुरणपोळी घेऊन मग एकादशी आठवल्यासारखं ते होतं.

एवढं सगळं मला पाठ होतं. आणि तरीही जे घडलं ते मी घडवलं.

शहरातल्या हिमायतनगरात राजेश्वरराव म्हणून एक गृहस्थ राहत. जुनं हैदराबादी घराणं, तीन पिढ्या सरकारी नोकरीत. पेन्शनीत गेले तरी शेरवानीची वरची गुंडी लावल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसत. त्यांचा एकुलता एक मुलगा विषमज्वरानं गेला. मागे सून मंदाताई आणि नात विजू. मंदाताईंनी शिक्षण खात्यात नोकरी धरली आणि माहेरच्या गावी, नांदेडला, मुलींच्या शाळेत रुजू झाल्या. राजेश्वररावांनी तेव्हा हूं की चूं केलं नाही. नांदेड काय, आपलंच. दोन वर्षं सुट्टीत नात येत होती, जात होती. मग नकाशा बदलला, आणि म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं की नात परमुलखात गेली, आता काही परत दिसत नाही. त्यांनी हैदराबादच्या कोर्टात अर्ज केला: मुलीचा पालक मला नेमा, तिला माझ्या ताब्यात द्या.

मंदाताई आमच्याकडे आल्या. अशा अर्जाचा नियम बँडवाल्यापेक्षाही सोपा. मूल नेहमी जिथं राहतं तिथल्याच कोर्टानं तो ऐकायचा. विजू दोन वर्षं नांदेडला. तेव्हा हैदराबादला येऊन पहिल्या ओळीत म्हणायचं, की हे कोर्ट नव्हे. बस्स. नाहीतर प्रत्येक पेशीला बाईंनी रजा काढून आगगाडीत बसायचं, आणि नव्या राज्यातली नोकरी, रजा तरी किती मिळणार? नोकरी ठेवली तर कोर्टात गैरहजर, कोर्टात हजर राहिल्या तर नोकरी गेली. आणि नोकरी गेली की राजेश्वररावांचे वकील म्हणणार, बघा, हिला पोरीला पोसायची ऐपत नाही.

नांदेडला पत्र लिहायचं काम माझं. साहेबांनी सांगितलं होतं, "मंदाबाईंना बोलवा." मी लिहिलं, "अमुक तारखेस समक्ष यावे," आणि मग अक्कल पाजळून खाली जोडलं, "मुलीस सोबत आणावे. जज्जसाहेब पाहू इच्छितील."

काचीगुडा स्टेशनवर उतरून मायलेकी थेट ऑफिसात आल्या. मंदाताई सडपातळ, बोलणं खडूनं फळ्यावर लिहावं तसं नीट. "शेजारी म्हणाले, राज्य बदललं, समन्सला काडी लावा," त्यांनी सांगितलं. "पण मी शिक्षिका आहे. कागद जाळायची सवय नाही."

त्यांच्या मागं दोन वेण्या आणि एक सुटलेली रिबन उभी होती. साहेबांनी चष्मा वर केला. "ही कोण?"

"विजू," मी कौतुकानं म्हणालो. "मीच बोलावलं."

"ज्या मुलीबद्दल आपण म्हणणार आहोत की ती हैदराबादेत नाही," साहेब अगदी हळू म्हणाले, "ती मुलगी?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

ती पेशी झालीच नाही. हरकतीचा अर्ज दाखल झाला, पण खुर्चीत जज्जसाहेब नव्हते. त्या दिवसांत शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांची वाटणी चालू होती, कोण कोणत्या राज्याला जाणार याची. आमचे जज्जसाहेब म्हैसूरच्या वाट्याला गेले होते. नवे कधी येतील ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी पडली.

तेव्हा आम्ही नारायणगुड्यात दोन खोल्यांत राहत होतो. मंदाताईंचं हैदराबादेत सासर सोडून दुसरं घर नाही, आणि सासरशी तर खटला. मी त्यांना एका रात्रीपुरतं घरी आणलं. सकाळी विजूच्या अंगावर गोवर उठला.

आमच्या कुमुदची, म्हणजे माझ्या पत्नीची, गंमत अशी की तिला माणूस आजारी असला की जास्त आवडतो. तिनं खिडकीला निळा पडदा लावला, कडुनिंबाचे डहाळे आणले, आणि विजू तिची झाली. चार दिवसांनी मंदाताईंची रजा संपली. नव्या राज्याचा हुकूम आला होता की ठरल्या तारखेला प्रत्येकानं कामावर हजर असल्याची नोंद झाली पाहिजे. नाही झाली तर पुढचं सांगता येणार नाही. पोरीला गाडीत घालणं शक्य नव्हतं.

"ठेवून जा हो," कुमुद म्हणाली. "माझी दोन आहेतच. तिसरी कळणारसुद्धा नाही."

"वहिनी, तुम्हाला किती त्रास..."

"त्रास तुमच्या भाऊंचा होतो मला. पोरीचा कसला?"

भाऊ म्हणजे मी. मंदाताई गेल्या. जाताना पोरीच्या कपाळावर हात ठेवून इतका वेळ उभ्या राहिल्या की टांगेवाल्यानं दोनदा हाक मारली. आणि मी ही गोष्ट साहेबांना सांगितली नाही. विसरलो असं लिहिणार होतो. पण विसरलो नव्हतो. ते आणखी हळू बोलतील याची भीती वाटली.

गोवर उतरला आणि विजू कंटाळली. आमची दोघं सकाळी दप्तर घेऊन जायची, ती उंबऱ्यात बसून राहायची. कुमुदनं तिचा हात धरला आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या मराठी शाळेत नेऊन बसवलं. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "बसू दे की." मग कुमुदनं नांदेडला लिहून विजू दुसरीत शिकत असल्याचा दाखला मागवला, म्हणजे इथं नाव घालता येईल आणि पोरीचे दिवस बुडायचे नाहीत. दाखला आला, पण मोठ्या बाई म्हणाल्या, "हे दुसरं राज्य झालं ना आता. तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागेल."

इथं मी पुढे झालो. शिक्षण खात्यात माझे एक स्नेही होते, रशीदभाई. नांदेडच्या शाळांचं दफ्तर अजून निम्मं हैदराबादेत, निम्मं वाटेत होतं, आणि ते वाटेला लावण्याचं काम त्यांच्याकडे. मी त्यांना दाखला दिला. त्यांनी तो छातीशी धरला.

"मुन्शीजी, हो गया समझो!"

आता हैदराबादेत जन्म काढलेल्या माणसानं या वाक्यावर विश्वास ठेवावा? आपल्याकडे नाही म्हणणं ही बेअदबी. कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. चहा पाजतात, खांद्यावर हात ठेवतात आणि परसों बोलावतात. हे मला माहीत होतं. पण माझी ओळख चालते हे बायकोला दाखवायची हौस माझ्यात त्याहून जुनी होती. घरी येऊन मी टोपी खुंटीला लावली आणि म्हणालो, "झालं काम. विजू आता इथल्या शाळेची."

त्या रविवारी राजेश्वरराव आमच्या दारात उभे राहिले.

हिमायतनगर आणि नारायणगुडा म्हणजे एकाची कढी उतू गेली तर दुसऱ्याला वास यावा इतकं अंतर. शाळेतून परतणाऱ्या विजूला त्यांनी रस्त्यात पाहिलं होतं. हातात बिस्किटांचा पुडा. वरची गुंडी लावलेली.

"या, बसा ना," मी गडबडलो.

"उभाच बराय मी, मुन्शीजी." त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. विजू आमच्या पोरांशी सागरगोटे खेळत होती. तिनं वर पाहिलं, "आजोबा!" म्हणून पळत आली आणि त्यांच्या शेरवानीत तोंड खुपसलं. म्हाताऱ्यानं बिस्किटांचा पुडा तिच्या हातात दिला. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या मिशीखाली हसू आलं. तसं हसू मी फक्त जिंकलेल्या पक्षकारांच्या तोंडावर बघितलं आहे.

"शाळेत घातलंत म्हणे?"

"हो... म्हणजे..."

"तुमच्या साहेबांना माझा सलाम सांगा. माझ्या वकिलाला चार महिन्यांत जमलं नाही ते तुमच्या घरच्यांनी केलं. पोरीला हैदराबादेत वसवलं."

ते फाटकाबाहेर पडले. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत जे कायद्याचं पुस्तक मला नुसतं पाठ होतं, ते आता समजलं.

मंगळवारी नोटीस आलीच. जुना अर्ज त्यांनी मागे घेतला आणि नवा घातला: मुलगी आजमितीस नारायणगुड्यात राहते, तिथल्याच शाळेत शिकते, सबब याच कोर्टाला अधिकार आहे. साक्षीदार म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंना हजेरीपटासह बोलावलं.

मी साहेबांना सगळं सांगितलं. गोवर, पडदा, शाळा, रशीदभाई, सगळं. ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"मुन्शीजी, आपण कुणाच्या बाजूनं आहोत?"

घरी कुमुदला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "मी काय वाईट केलं? पोरीला फणफणत्या अंगानं गाडीत घालायचं होतं? उंबऱ्यात बसवून ठेवायचं होतं?"

"अगं, कायद्यानं..."

"आलेल्या माणसाला पाणी द्यायचं की नाही, ते लिहिलंय का तुमच्या कायद्यात? नसेल तर ठेवा तो गुंडाळून." आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. खिडकीबाहेर बघण्याची कला घरी चालत नाही. मी तिच्याजवळ पाटावर बसून राहिलो.

पेशीच्या सकाळी मंदाताई नांदेडहून आल्या. मी स्टेशनवर गेलो होतो. सगळी चूक माझी आहे, हे वाक्य रात्रभर जुळवून ठेवलं होतं. टांगा काचीगुड्याच्या बाहेर निघेपर्यंत ते कसंबसं तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तिचं वजन वाढलंय का?"

"हो. कुमुद तूप घालते."

"मग बाकीचं बघू."

नवे जज्जसाहेब किनाऱ्याकडचे, तेलुगू. त्यांना उर्दू येत नव्हती, मराठी त्याहून नव्हती. इंग्रजीत काम चालायचं आणि आमचं म्हणणं साहेब समजावून द्यायचे. समोरचे वकील तरुण, तेज. त्यांनी उभं राहून सांगितलं की नियम मुलीच्या राहण्याचा आहे, आईच्या नव्हे. आणि मुलगी बघा, या शहरात, या शाळेत. मग त्यांनी मोठ्या बाईंना पुढे बोलावलं.

मोठ्या बाईंनी हजेरीपट टेबलावर ठेवला. वकिलांनी दुसरीचं पान उघडलं, वरून खाली बोट नेलं. पुन्हा वरून खाली नेलं. पान उलटलं.

"विजयाचं नाव कुठाय?"

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे? मुलगी रोज येते ना?"

"येते. बसते. पाढे छान म्हणते. पण ती पाहुणी आहे. दुसऱ्या राज्यातला दाखला. प्रतिस्वाक्षरी होऊन आल्याशिवाय मला नाव घालता येत नाही. ती काही आली नाही."

"मग तुम्ही मुन्शींच्या घरच्यांना सांगितलं का नाहीत की प्रवेश झाला नाही म्हणून?"

मोठ्या बाई जरा ओशाळल्या. "त्या इतक्या आपुलकीनं घेऊन आल्या होत्या. नाही कसं म्हणायचं?"

मी भिंतीला टेकलो. रशीदभाई! मी नारायणगुड्यात छाती फुगवून सांगत फिरत होतो, आणि तो कागद त्यांच्या कुठल्या तरी कपाटात अजून वाटेला लागायचा होता. उभ्या जन्मात माझी ओळख चालली नाही याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण समोरचे वकील हार मानणारे नव्हते. "इथं नाव नसेल, पण नांदेडलाही ती जात नाही. महिना होत आला. मग ती राहते कुठं?"

साहेबांनी मंदाताईंना उभं केलं. विजूची नांदेडची शाळा तीच, मंदाताईंची. दुसरीचा वर्गही त्यांच्याकडेच. तिथला हजेरीपट मुख्याध्यापिकेच्या परवानगीनं त्यांनी सोबत आणला होता. त्यात विजूचं नाव होतं, आणि नावापुढे एकामागून एक गैरहजेरीच्या खुणा.

"या खुणा कुणी केल्या?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"मी."

"म्हणजे मुलगी इथं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"तरी नाव ठेवलंत?"

"तिची शाळा ती आहे. नाव तिथंच असणार."

"आणि हजेरी कशी घेता?"

"नाव पुकारून. नियम आहे. तेवीस मुली आहेत, तेवीस नावं पुकारते."

"जी समोर नाही, पोटची आहे, जिचा पत्ता तुम्हाला ठाऊक आहे, तिचं नाव रोज मोठ्यानं पुकारता?"

"रोज," मंदाताई म्हणाल्या. "थोडी थांबते. मग खूण करते."

साहेबांना ते इंग्रजीत सांगायचं होतं. त्यांचा आवाज मुळातच बारीक. त्या वेळी तो मला ऐकूच आला नाही. पण जज्जसाहेबांपर्यंत पोचला असावा, कारण त्यांनी लेखणी खाली ठेवली. मी सवयीनं खिडकीकडे बघितलं, तर तिथं आधीच राजेश्वरराव बघत उभे होते.

निकाल त्याच दुपारी झाला. जज्जसाहेबांनी जे लिहिलं त्याचा माझ्या शब्दांत अर्थ असा: मूल जिथं तात्पुरतं मुक्कामाला असतं ते त्याचं नेहमीचं राहणं नव्हे, एकानं आजारी मुलीला घरात ठेवून घेतलं म्हणून तिचं गाव बदलत नाही. मग वर बघून तोंडी म्हणाले, पाहुण्याला जेवू घातल्यानं जर त्याचा पत्ता बदलायला लागला, तर या शहरात कुणी कुणाला घरात घेणार नाही. अर्ज योग्य त्या कोर्टात, म्हणजे नांदेडला, घालण्यासाठी परत केला.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "कुमुदताईंना माझा नमस्कार सांगा. तुम्हाला नाही." आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

संध्याकाळी काचीगुड्याला आम्ही सगळे पोचवायला गेलो. कुमुदनं दशम्या बांधून दिल्या होत्या. गाडी सुटायला थोडा वेळ असताना फलाटावर शेरवानी दिसली. मंदाताईंनी पदर सावरून वाकून नमस्कार केला.

"मुन्शीजी," राजेश्वरराव माझ्याकडे बघत म्हणाले, मंदाताईंकडे बघवत नव्हतं म्हणून, "आता मला भांडायचं तर नांदेडला जावं लागणार?"

"हो. तिथं आता तुम्ही बाहेरच्या राज्यातले."

"आणि नुसतं जायचं असलं तर? भांडायचं नसलं तर?"

त्यासाठी कुठलं कलम मला शिकवलेलं नव्हतं.

"मामंजी," मंदाताई म्हणाल्या, "त्याला समन्स लागत नाही."

राजेश्वररावांनी नांदेडला अर्ज कधीच घातला नाही. दर दिवाळीला मात्र गेले, जाता येत होतं तोवर. मला एक गोष्ट अजून टोचते. त्या रविवारी दारात आलेल्या म्हाताऱ्याला मी बसा म्हणालो ते घाबरून. मनापासून म्हणालो असतो, तर कदाचित हे फलाटावरचं बोलणं आमच्या ओट्यावर झालं असतं, आणि मंदाताईंना तेवढ्या खुणा कराव्या लागल्या नसत्या. मुन्शीला बाजू असते, त्यामुळे कधीकधी समोरचा माणूस दिसत नाही.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी रशीदभाई सायकलवरून आले. घामानं डबडबलेले, चेहरा ईदच्या चंद्रासारखा. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. विजूचा दाखला. खाली नांदेडच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, शिक्का, सगळं जागच्या जागी.

"बोला था ना, मुन्शीजी? हो गया समझो!"

मी त्यांना मिठी मारली. इतकी घट्ट की ते बिचारे दचकले. त्यांना वाटलं, काम झाल्याचा आनंद. कुमुदनं त्यांना बसवून घेतलं, शिरा केला, दोनदा वाढला. ते गेल्यावर मी कागद मिसलीत लावायला निघालो, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि ट्रंकेत, साड्यांच्या अगदी तळाशी ठेवला.

"तुमच्या हाती नको," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला तरी मदत कराल."